जांघेतला पुरावा

फर्निचरच्या गोदामात त्याला पैलवान म्हणत. लोखंडी कपाट एकटा पाठीवर घेऊन तो जिना चढायचा. मुकादम खाली उभा. एक हात कायम पँटच्या खिशात. "ढकलगाडी बायकांसाठी असते रे!"

मग पैलवानाच्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा आला. मुकादम त्याला कंपनीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. "झोपवून तपासा," त्यानंच सुचवलं. पैलवान आडवा झाला आणि फुगवटा आत गेला. डॉक्टरांच्या हाती काहीच लागलं नाही.

"आडवं झालं की पळून जाणारा आजार!" मुकादमानं गोदामभर सांगितलं. पैलवानाचा नाटक्या झाला. या मुकादमाला चारचौघांत खाली पाहायला लावायचं, एवढंच मग पैलवानाच्या मनात उरलं. वर्षभर जांघेवर फडकं आवळून तो कपाटं वाहत राहिला.

शेवटी बायकोनं मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झोपू नका. उभं राहून खोका."

फुगवटा टचकन बाहेर आला.

"हर्निया. पोटाच्या भिंतीला फट पडलीय, त्यातून आतडं बाहेर येतंय."

"मुकादमामुळे झालं, असं लिहून द्या."

"तसं नाही लिहिता येणार. काहींची ती जागा जन्मापासूनच कच्ची असते. त्यात ओझी, कुंथणं, जुना खोकला. विडी किती वर्षं?"

बायकोच म्हणाली, "लग्नात सोडतो म्हणाले होते. त्याला झाली वीस वर्षं."

"फट औषधानं बुजत नाही. ऑपरेशन करून आतून जाळी बसवावी लागेल. आणि फुगवटा आत जाईना, दुखून उलट्या झाल्या, तर आतडं अडकलं समजायचं. तडक यायचं."

ऑपरेशन झालं. महिनाभर ओझं बंद, म्हणून पैलवान स्टुलावर बसून मालाच्या चिठ्ठ्या तपासू लागला. तिसऱ्याच दिवशी मुकादम कपाटांच्या रांगेत वाकून ओकला आणि जांघ धरून खाली बसला. सदरा वर सरकला. आत हर्निया दाबून धरायचा पट्टा होता, घामानं काळा पडलेला, कितीतरी वर्षांचा.

पैलवान त्या पट्ट्याकडे पाहत राहिला. 'झोपवून तपासा,' असं यानंच सुचवलं होतं.

"नाटक्या," मुकादम कण्हला, "कुणाला सांगू नकोस."

"ढकलगाडी आणा रे!" पैलवान ओरडला. दोघा हमालांनी मुकादमाला गाडीत आडवं केलं.

"मागच्या दारानं ने. पाया पडतो."

दवाखाना दोन्ही दारांपासून सारखाच लांब होता.

"पुढच्या," पैलवान म्हणाला, आणि सगळ्या गोदामामधून गाडीच्या पुढे चालत निघाला. "बाजूला व्हा, बाजूला व्हा! मुकादमांची गाडी येतेय!"