मेथीसाठी बांधलेलं ग्रीनहाऊस
ओल्या मातीला हीटरची ऊब लागली की जो कोंदट वास सुटतो, त्याने मला कॅनडातल्या ब्रॅम्पटनमधला दोन हजार सोळा-सतराचा हिवाळा आठवतो. आई गेल्यावर बाबांना मी साताऱ्याहून इकडे आणलं होतं. त्यांचा जीव रमेना. बेसमेंटपासून वरपर्यंत दिवसभर नुसत्या येरझाऱ्या. शेवटी आम्ही दोघांनी बॅकयार्डमध्ये लाकडी पट्ट्या आणि जाड प्लास्टिकचं छोटं ग्रीनहाऊस उभारलं, आत हीटर लावला आणि मेथी पेरली. जानेवारीतल्या एका दुपारी बर्फाच्या पावसाने वीज गेली. बाबा गॅसवर पाणी उकळून पातेली आत नेऊन ठेवू लागले. ती निवली की पुन्हा घरात. "बाबा, घसरून पडाल, राहू द्या ती मेथी," मी म्हणालो. "बसवत नाही रे मला," ते म्हणाले. संध्याकाळी वीज आली तेव्हा मेथी काळी पडून आडवी झाली होती. बाबा प्लास्टिक चाचपत म्हणाले, "एकच थर आहे ना, म्हणून. पुढच्या वर्षी दुहेरी लावू." आई गेल्यापासून पुढच्या वर्षाबद्दल ते पहिल्यांदाच बोलत होते. आता बाबा नाहीत. पण थंडीची चाहूल लागली की मलाही घरात बसवत नाही.