कादर मुलाण्याच्या पोटातली पिशवी

पुणतांब्याच्या कादर मुलाण्याचं डोकं म्हणजे तापला तवा. थेंब पडायचा अवकाश, चर्रर्र! गावच्या बकऱ्या-मेंढरांवर सुरी त्याचीच. पोट फाडल्यावर कधीकधी कलेजीला पाण्याच्या पांढऱ्या पिशव्या चिकटलेल्या निघत. त्या तो आपल्या कुत्र्यापुढं, शेरूपुढं, फेकायचा आणि मग त्याला मांडीवर घेऊन कुरवाळत बसायचा. बायको जहिरा ओरडायची, "आवो, कुत्रं नापाक! जेवायच्या आधी हात तरी धुवा!" कादर ऐकेल तर शपथ.

सन चव्वेचाळीसला त्याच्याच पोटात, बरगडीखाली, नारळाएवढी गाठ आली. गोरक्षनाथ भगत म्हणाला, डाग द्यावा लागंल. चौघांनी कादरला दाबून धरलं आणि भगतानं लालभडक विळा पोटावर टेकवला. एकदा, दोनदा. जळक्या कातड्याचा वास आळीभर पसरला. तिसऱ्या डागाला कादरनं हिसडा देऊन अशी लाथ घातली, की भगताचे दोन दात धुळीत पडले.

"कातडं जाळलंस रं भाड्या, गाठ तशीच हाय!"

मग आगगाडीनं नगर गाठलं. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरनं एक्स-रे काढला. गाठ जठराच्या मागं होती. "कॅन्सर दिसतोय. सुई घालून बघू," तो म्हणाला.

सुई दिसताच कादरनं त्याचं मनगट पिरगाळलं. "खबरदार! मेंढरात असल्या पिशव्या लई बघितल्यात म्या. टोक लागलं की फुटत्यात!"

आरडाओरडा ऐकून मोठे सर्जन आले. त्यांनी गाठ चाचपली. "सोड त्याचा हात. बरोबर बोलतोयस तू. ती आत फुटली तर जागच्या जागी मरशील."

पोट उघडलं. स्वादुपिंडावर पाण्याची पिशवी होती, ती अख्खी निघाली. "कॅन्सर नाही, वाचलास," सर्जन म्हणाले. "पण या जागी अशी गाठ मीही पहिल्यांदाच पाहिली. घरी कुत्रं आहे?"

"हाय की. शेरू."

"मेंढराची पिशवी खाऊन कुत्र्याच्या पोटात किडे होतात. त्यांची अंडी त्याच्या केसांना लागतात, तिथून तुझ्या हाताला, हातावरून तोंडात."

महिन्यानं कादर घरी आला. शेरू आनंदानं लोळण घेत पायाशी आला. कादरच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं सुरी उपसली आणि एका घावात शेरूचा गळा चिरला. प्राण जाईस्तोवर ते मुकं जनावर शेपूट हलवत होतं.

जहिरा धावत बाहेर आली. "मुडद्या, त्याला काय ठावं! पिशव्या कोनी चारल्या त्याला?"

कादरनं सुरी खाली टाकली. रक्ताळलेले हात त्यानं त्या दिवशी चार वेळा धुतले. गावच्या जत्रेला बकरी कापायचं बोलावणं आलं, तेव्हा सुरी देऊन त्यानं आपल्या भावाला धाडलं.