जाळीतल्या फटी

देवासच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो. समुद्र इथून फार लांब. लॅबमधल्या बरण्या माझ्या आधीपासूनच्या. आतले जीव फॉर्मलिनमध्ये इतके पांढरे पडलेत की आतडं कुठलं नि यकृत कुठलं, कळत नाही. म्हणून प्रॅक्टिकलला मी मुलांना सांगत आलो, बरणीत डोकं घालू नका, भिंतीवरचा चार्ट बघून काढा, मार्क त्यालाच आहेत. मुलं हसायची आणि काढायची. मीही तसाच शिकलो होतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी, धारच्या मराठी घरातली, आता किनाऱ्यावर संशोधन करते. दिवाळीला घरी येताना तिने खोल समुद्रातून काढलेला एक जीव माझ्याकडे आणला. देठावर उभा राहणारा असिडियन, म्हणजे पाणी गाळून जगणारा पिशवीसारखा प्राणी. तसा एकच हाती लागला होता. त्याचं पहिलं वर्णन ती लिहिणार होती आणि चित्रं तिला माझ्या हातची हवी होती. माझ्यासारखी रेघ कुणाची नाही म्हणाली. मी सुखावलो, हे खरं.

बाहेरचं अंग मन लावून काढलं. आवळ्याएवढं शरीर, दोऱ्यासारखा लांब देठ, त्याच्या टोकाला चिखल धरून ठेवणारे केसांसारखे तंतू. पाणी आत घेणारं तोंड देठाकडच्या बाजूला, तिकोनी. बाहेर सोडणारं दुसऱ्या टोकाकडे, रुंद. कातडीवर बारीक पुटकुळ्या. तिने ते एका बाजूने चिरून ठेवलं होतं. आत डावीकडे आतड्याचा वळसा, दोन्हीकडे जननग्रंथी. इथवर सगळं बघून काढलं.

मग पाणी गाळणारी पिशवी आली. चार्टवरच्या असिडियनला तिथे बारीक फटींच्या रांगा असतात. फटींच्या कडेचे हलते केस पाणी ओढतात. इथे फटी नव्हत्याच. नुसती मोठाल्या भोकांची जाळी, तिच्या धाग्यांत चुन्याचे वाकडे काटे. मी ठरवून टाकलं, पिशवी सडून फाटली आहे. आणि फटी काढल्या. रांगेने, सुबक. तिला फोनवर सांगितलं की आतलं फार नाजूक झालंय, पुन्हा उघडायला नको, बरणी माझ्याकडेच राहू दे. तिने ऐकलं. वर्णन चित्रावरून लिहिलं.

उन्हाळ्यात तिचा मजकूर आला. या गटात कुणालाच न दिसलेल्या फटी, म्हणून ही जात नवी. तेव्हा कुठे मी या गटाबद्दल शोधून वाचलं. खोल पाण्यातल्या या जीवांना फटी नसतातच; प्रवाहच पाणी आत ढकलतो. फाटलेलं काही नव्हतं. धारची सुट्टी संपवून किनाऱ्यावर परतली की ती मजकूर छापायला पाठवणार होती. तोवर गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. बसलोही, काही दिवस.

मग बरणी टॉवेलात गुंडाळली आणि इंदूरला बस बदलून धारला गेलो. कंडक्टरने विचारलं, "अचार है क्या, भिया?" मी हो म्हणालो.

दार तिच्या आईने उघडलं. बरणीतल्या स्पिरिटचा वास येताच पदर नाकाला लावून म्हणाल्या, "सर, घरात देवीचं बोडण आहे आज, आणि तुम्ही बाटली घेऊन आलात." मुलगी हसत बाहेर आली. ती हसत असतानाच सांगून टाकलं.

"फटी मी काढल्यात. त्यात नाहीत."

तिने बशीत ती गाळणारी पिशवी उलगडली आणि भिंगातून बघत राहिली.

"जाळी तेव्हा दिसली होती तुम्हाला?"

नाही म्हणायची सोय होती. पांढरं पडलं होतं, उजेड कमी होता.

"दिसली होती."

"मग?"

"चार्टात तशी नव्हती."

तिने भिंग खाली ठेवलं. आईंना काय चाललंय ते नीटसं कळलं नव्हतं. त्या म्हणाल्या, एवढंच ना, सर देतील पुन्हा काढून. मीही हात पुढे केला.

"नको," ती म्हणाली. "मीच काढते." मग आईलाच सांगितल्यासारखं म्हणाली की फटी गेल्या तर नवी जात म्हणण्यासारखं बहुतेक काही उरत नाही.

पेन्सिल घेऊन ती बसली. तिचा हात चित्राचा नाही. एक भोक मोठं, एक लहान, धागे कुठे जाड, कुठे बारीक. भोकं जरा सारखी कर, असं तोंडापर्यंत आलं होतं. मी बशीत पाहिलं. तिथली भोकंही सारखी नव्हती.