पोटमाळ्याचं भाडं

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्यावर घरची गोष्ट लिहायला बसावं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

काळाचौकीत वडिलांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं, वर एक पोटमाळा. एका वर्षी मालकाने पोटमाळ्यात आपला माल भरला, स्वतःचं कुलूप घातलं आणि भाडं मात्र पूर्वीइतकंच मागू लागला. वडील पोटमाळ्याचे पैसे कापून बाकीचं भाडं देत. काही काळाने मालकाने सरळ हायकोर्टात अर्ज टाकला: भाडं थकलंय, या माणसाला दिवाळखोर ठरवा.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस. फलकांची कामं भरपूर होती, पण ही बातमी पसरल्यावर रंगवाला उधार देईना. चाळीत एकजण म्हणाला, "काय पेंटर, स्वतःची पाटी कधी रंगवतोस? दिवाळखोर आणि मंडळी!" वडील हसले. घरी येऊन आईला म्हणाले, "मागता तेवढा देऊन टाकतंय. नाव तरी ऱ्हवात."

आमचे वकील गिरगावातले. ते ऐकून खुर्चीतून उठलेच. "अहो, असं करू नका! दिलेत की सगळं कबूल केल्यासारखं होईल. हे देणंच वादाचं आहे, आणि वादातल्या देण्यावरून कोणाला दिवाळखोर ठरवत नाहीत, एवढ्यावर तर आपण उभे आहोत. फक्त वाद आत्ता रचलेला नाही, जुना आहे, हे सांगणारा कोणी आणा."

तो गणेशोत्सव मंडळात सापडला. मंडळाचं मखर आमच्याच पोटमाळ्यावर असायचं. कुलूप लागलं त्या वर्षी चतुर्थी तोंडावर आली तरी मालक किल्ली देईना, तेव्हा भर रस्त्यात भांडण झालं होतं. मंडळाचे सेक्रेटरी गिरणीत कामाला. खाडा करून साक्षीला यायला ते तयार झाले. "मलाही विचारायचंच आहे त्याला," म्हणाले, "मखराचे दोन मोर कुठे गेले?"

सुनावणीच्या दिवशी नेमका माझा इंटरचा पेपर होता. काय लिहिलं, देव जाणे. बाहेर आलो तर फाटकापलीकडे वडील उभे. आत यायला बिचकले असावेत.

"जजान अर्ज काढून टाकल्यान," ते म्हणाले. "भाड्याचो वाद खरो आसा, तो आधी स्मॉल कॉज कोर्टात नेवा, म्हणान सांगितल्यान."

"म्हणजे भांडण आसाच अजून?"

"आसा तर! पण मी दिवाळखोर नाय रे झिला."