चौदा मोबाइल, एक कॉम्प्युटर

फोटो गोळा करायला बसलो होतो, किस्से गोळा झाले! दर रविवारी सुरतमधल्या डिंडोलीच्या आमच्या घरी नात्यातलं कोणी ना कोणी मोबाइल, पेनड्राइव्ह नाहीतर पिशवीत गुंडाळलेल्या सीड्या घेऊन येतं. चहा पितं, कॉम्प्युटरसमोर बसतं आणि जाताना असं काहीतरी बोलून जातं की आम्ही पुढचे दोन दिवस तेच घोळवत बसतो. मित्र म्हणाले, "महेश, विसरायच्या आत लिहून ठेव." म्हणून हे.

मी साड्यांची डिझाइन काढतो, कॉम्प्युटरवर. त्यामुळे घरातला 'कॉम्प्युटरवाला' मीच. माझा धाकटा भाऊ संजय भेस्तानच्या एका मिलमध्ये कामाला आहे. तिथे त्याचा मोबाइल पाण्याच्या हौदात पडला, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मोबाइल गेल्याचं काही नाही, दुसरा येतो. पण त्यात परीचे, म्हणजे त्याच्या मुलीचे, पहिल्या दोन वर्षांचे सगळे फोटो होते. दुसरीकडे कुठेच ठेवलेले नाहीत! संजयची बायको रेखा त्याला एक शब्द बोलली नाही. नुसती परीकडे बघत बसायची. ते बघवेना.

मग मी एक प्रोग्राम टाकला. फोटो, व्हिडिओ, आवाज, सगळं एका ठिकाणी. तारखेप्रमाणे लावतो, चेहरे ओळखतो, आणि चेहरा अनोळखी असला की विचारतो, 'ही व्यक्ती कोण?' एकदा नाव लिहिलं की त्या माणसाचा अख्खा जन्म एका रांगेत समोर! चालवायला इतका सोपा की माझी आईसुद्धा चालवते, आणि आई शाळेत गेलेली नाही.

फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला, "ज्याच्याकडे जे असेल ते आणा." चौदा मोबाइल जमा झाले.

*

चौदावा मोबाइल आत्याचा.

आत्या अमळनेरकडे गावी राहते, अहिराणीच बोलते. तिचा मोबाइल कायम फुल्ल. दर सुट्टीत भाचेमंडळी तिच्यावर ओरडतात, "आत्या, डिलीट कर ना! हँग होतो बघ." आत्या ऐकते आणि मोबाइल पोलक्यात ठेवून देते.

एका लग्नासाठी ती सुरतला आली, तेव्हा मी तिचा मोबाइल कॉम्प्युटरला जोडला. आणि स्क्रीनवर परी यायला लागली! दवाखान्यातल्या दुपट्यात परी. पहिली अंघोळ. पहिला दात. संजय हौसेने एकेक फोटो आत्याला पाठवत गेलेला, पाठवला हे विसरूनही गेलेला. हललेले फोटो होते, नुसता कान आलेले फोटो होते. दोन वर्षं, जशीच्या तशी!

रेखा पिठाचे हात घेऊन दारात उभी होती. तशीच उभी राहिली. तव्यावरची पोळी जळल्याचा वास आला, तरी कोणी हललं नाही.

मी म्हटलं, "आत्या, इतकी वर्षं सगळे ओरडतात, तू एकही फोटो काढून टाकला नाहीस? डिलीट करता येत नाही का तुला?"

आत्याला रागच आला.

"डिलीट कराले येस माले! पन पोर शे ना ती!"

*

प्रोग्रामने एकदा एका अनोळखी माणसाचा चेहरा काढला. मिशी, कपाळाला टिळा, हात जोडलेले. 'ही व्यक्ती कोण?'

आम्ही सगळे विचारात पडलो. संजयच्या साखरपुड्यात हा. परीच्या बारशात हा. मामाच्या वास्तुशांतीत हा. तोच टिळा, तेच हात जोडलेले. माझे वडील आप्पा म्हणाले, "मुलीकडचा असेल." रेखा म्हणाली, "आमच्याकडचा नाही हो!"

फोटो मोठा करून बघितला, तर मागे लावलेलं बॅनर! आमच्या भागातले एक नेते. हॉलबाहेर, चौकात, गल्लीच्या तोंडाशी, कुठल्या ना कुठल्या शुभेच्छा देत उभे.

मी काढून टाकायला निघालो, तर आईने हात धरला.

"ऱ्हाऊ दे रे! नाव लिखी टाक तेनं. बिचारा परतेक कार्यले ऊना शे."

*

शेजारच्या हंसाबेन बघायला आल्या, तेव्हा नेमका त्यांचाच चेहरा समोर. 'ही व्यक्ती कोण?'

हंसाबेन कॉम्प्युटरवरच चिडल्या. "नाम लखो ने, भाई! वीस वरसथी साथे छीए!"

नाव लिहिलं. रांग लागली. राखी, गौरी, वाढदिवस, पापडाचं वाळवण, सगळीकडे हंसाबेन. मोजले, तर आमच्या घरात आप्पांपेक्षा त्यांचे फोटो जास्त!

आम्ही हसायला लागलो. आप्पाही हसले. मग म्हणाले, "मी ड्यूटीवर असायचो ना."

*

आप्पांची ड्यूटी म्हणजे मिलची. साड्या छापायच्या मिलमध्ये, जिथे रंग बनतात त्या खात्यात, त्यांचा जन्म गेला.

मी जुने अल्बम स्कॅन करून घातले, तर प्रोग्रामने सगळ्यांना स्कॅन केलेल्या दिवसाची तारीख लावून टाकली. त्याच्या हिशेबाने आईचं डोहाळजेवण झालं मागच्या मंगळवारी!

कुणालाच काही आठवेना. आप्पांनी खुर्ची पुढे ओढली. चष्मा लावला. माणसांच्या तोंडाकडे बघितलंच नाही, साड्यांकडे बघितलं.

"हा जांभळा आमच्याकडे नवीन आला, तेव्हा तू बालवाडीत होतास. लिही."

"ही किनार हाताने छापलेली आहे. आमच्या मिलमध्ये मशीन आलं नव्हतं. म्हणजे संजय व्हायचा होता. लिही."

"ह्या फुलाचा लाल फाटलाय बघ, एकसारखा बसलेला नाही. त्या वर्षी रंगाचा माल खराब आला होता. लिही."

मी लिहीत गेलो. तीस-पस्तीस वर्षांची सुरत त्या माणसाच्या डोक्यात रंगाप्रमाणे लावून ठेवलेली!

तरी मी परीक्षा घेतलीच. एका फोटोच्या मागे स्टुडिओचा तारखेचा शिक्का होता. तो लपवून विचारलं. आप्पांनी दोन वर्षं आधीचं साल सांगितलं.

"आप्पा, चुकलात!"

आप्पांनी फोटो पुन्हा बघितला. शांतपणे म्हणाले, "शिक्का चुकला असेल."

एवढ्यात आई आतून मला म्हणाली, "तो दुसऱ्यांदा धुवून आणेल शे. पहिला तूच फाडेल व्हता!"

*

अजय आणि विजय ही माझ्या मामाची जुळी मुलं. आता मोठी झाली, दोघंही इच्छापोरला नोकरीला. पण लहानपणी एक झाकावा, एक काढावा. प्रोग्रामने दोघांचा एकच माणूस करून टाकला!

दोघांना घरी बोलावलं. म्हटलं, "तुमचे तुम्ही वेगळे करा." तर त्यांनाच कळेना! "सायकलवरचा मी." "हट्, तो मी!" दोन तास भांडले, शेवटी चहा पिऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो, तर आई कॉम्प्युटरसमोर. डाव्या रांगेत अजय, उजव्या रांगेत विजय. पार पाळण्यातल्या फोटोंपर्यंत! मी मामीला फोन करून पंधरा-वीस फोटो पाठवले. तिने काही खुणांवरून, काही आठवणीवरून ताडून बघितले. सगळे बरोबर!

"आई, कसं ओळखलंस?"

आईला प्रश्नच कळला नाही. हे काय विचारायचं झालं!

"अजय कॅमेराकडे देखस," ती म्हणाली. "विजय अजयकडे देखस."

*

आणि आता सुनंदावहिनींचं सांगतो.

माझे मोठे चुलतभाऊ अण्णा चार वर्षांपूर्वी गेले. सुनंदावहिनी त्यांच्या पत्नी. अण्णा लूमवर कामाला होते, पण नाद व्हिडिओ शूटिंगचा. नात्यातल्या प्रत्येक लग्नात कॅमेरा अण्णांच्या खांद्यावर.

वहिनी एका रविवारी मुलीला घेऊन आल्या. जरा वेळाने हळूच म्हणाल्या, "महेशभाऊ, यांचे काही असतील तर बघा ना."

नाव लिहिलं. तीन फोटो आले. एकात अण्णांचे डोळे मिटलेले. जो माणूस कायम कॅमेऱ्यामागे, त्याचे फोटो येणार कुठून?

"असू द्या," म्हणत वहिनी उठायला लागल्या. मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "थांबा, तुमचे तरी बघू."

"माझे कुठले? मी नेहमी मागे उभी राहते."

मी त्यांच्या नावावर बोट ठेवलं. स्क्रीन भरला. खाली सरकवला, तर पुन्हा भरला. संपेचना! सगळं लग्नाच्या व्हिडिओंमधलं.

पहिला उघडला, तो माझ्याच लग्नाचा. शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट सरकला, टाळ्या, अक्षता. आणि कॅमेरा आम्हाला सोडून निघाला! माणसांच्या डोक्यांवरून मागे मागे गेला आणि खांबाशी थांबला. तिथे हिरव्या साडीत वहिनी, हातात अक्षतांचं ताट. कॅमेरा जराही हलला नाही. मग परत आमच्यावर आला, तोवर हार गळ्यात पडून गेले होते.

संजयचं लग्न उघडलं. अंतरपाट सरकला, कॅमेरा निघाला. वहिनी.

आत्याच्या मुलीचं लग्न. तोच क्षण. वहिनी.

अण्णांनी या एका गोष्टीसाठी सगळ्यांची बोलणी खाल्ली होती. "अण्णा, हार घालतानाचंच कसं नाही?" अण्णा मान खाली घालून म्हणायचे, "गर्दीत धक्का लागला रे." प्रत्येकाच्या घरी आपापल्या लग्नाची एकच डीव्हीडी. प्रत्येकाला वाटायचं, धक्का आपल्याच लग्नात लागला.

सगळी लग्नं एका ठिकाणी आजवर कोणी बघितलीच नव्हती.

आप्पांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. वहिनींची मुलगी आईच्या खुर्चीशी येऊन उभी राहिली.

स्क्रीनवर आणखी एक लग्न लागलं होतं. अक्षता पडल्या. कॅमेरा गर्दीवरून हळूहळू मागे आला आणि थांबला. पंचवीस-तीस वर्षांच्या वहिनी थेट समोर बघत होत्या.

खुर्चीवर बसलेल्या वहिनींनी हात वर केला आणि डोक्यावरचा पदर नीट केला.