आठवड्यातल्या दोन सकाळी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

गोडदेवजवळच्या मैदानावर मी मुलींना हॉकी शिकवतो, नोकरी सांभाळून. मैदान म्हणजे मुरूम आणि खडे. चेंडू कुठे उसळेल सांगता येत नाही. म्हणून बचावाला उभ्या मुलींना मी एकच शिकवायचो: अडवायचा आणि लांब मारून साइडलाइनबाहेर काढायचा. खालच्या डिव्हिजनमध्ये तेवढ्यावर निभतं.

उत्तनची एक पोर यात सगळ्यांत तयार होती. सोळा वर्षांची, वडील मच्छीमार. एका सामन्यानंतर राज्य निवड समितीतल्या बाईंनी मला बाजूला घेतलं. हिला वर्षभर, आठवड्यातून दोन सकाळी टर्फवर, कृत्रिम गवताच्या मैदानावर पाठवा, म्हणाल्या. वरच्या पातळीवर चेंडू नुसता फेकून चालत नाही. स्टिकला धरून, मान वर करून पास द्यावा लागतो. सुरुवातीला चुकेल, गोल खाईल, खाऊ द्या. पण तोवर तुमच्या लीगमध्ये खेळवू नका, नाहीतर सवय मोडणार नाही.

मी हो म्हणालो आणि निरोप गिळला. त्या वर्षी आमचा संघ वरच्या डिव्हिजनमध्ये जायच्या बेतात होता, तिच्याशिवाय जमलं नसतं. बाईंचा फोन आला तेव्हा सांगितलं, घरचे तयार नाहीत, मच्छीमारांच्या घरी सकाळी पोरींना कामं असतात. त्यांना ते लगेच पटलंही.

आम्ही वर गेलो. पुढच्या वर्षी टर्फवर तिची राज्य संघासाठी चाचणी झाली. मी जाळीबाहेर उभा. पहिला चेंडू तिने अडवला, मारला, बाहेर. दुसरा, बाहेर. तिसऱ्या वेळी दहा पावलांवर तिच्याच संघातली मुलगी मोकळी उभी होती, स्टिक टेकवून. थांब, बघ, एवढंच माझ्या मनात. तिने मारला, आणि शाबासकीसाठी माझ्याकडे पाहिलं.

यादीत नाव नव्हतं.

"सर, माझं काय चुकलं?"

"काही नाही गं. नशीब."

तिने खेळ सोडला. आता पूनम सागर वस्तीतल्या औषधांच्या दुकानात कामाला असते. गेल्या महिन्यात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "मला काय सांगताय? पप्पांना सांगा. ते अजून मलाच बोलतात."

रविवारी उत्तनला गेलो. वडील ओट्यावर जाळं विणत होते. "बसा सर. पोरीत दमच न्हाय निघाला, तुमची मेहनत फुकट गेली."

मी सांगायला लागलो. टर्फच्या सकाळींपर्यंत त्यांचे हात चालू होते. 'घरचे तयार नाहीत' म्हणालो तिथे थांबले.

"मला इचारलं कोनी?"

"नाही."

त्यांनी जाळं खाली ठेवलं. मग आतल्या पोरीला हाक मारली, आणि ती दारात येऊन उभी राहिल्यावर मला म्हणाले, "आता परत सांगा. पयल्यापासून. आनि माज्याकडं नको, तिच्याकडं बघून."