खिडकीतून दिसेल तेवढंच

माझ्या आत्याकडून आजवर कुणाला कुणाची काडीचीही माहिती मिळालेली नाही, आणि एके काळी अख्ख्या वसई तालुक्यात तिच्याइतकी माहिती दुसऱ्या कुणाकडे नव्हती. म्हणून ती अबोल असेल असं मात्र समजू नका. तिच्या तोंडाची टकळी सुरू झाली की ऐकणाऱ्याचा चहा गार होतो. फक्त तिच्या बोलण्यात माणसांना नावं नसतात. "एक बाई आहेत, एका गावात असतात, त्यांच्या एका नातेवाइकाला एका ठिकाणी काहीतरी झालं," अशी तिची गोष्ट रंगात यायची आणि माझी आई कपाळाला हात लावून म्हणायची, "अहो वन्सं, पण कोण? कुठे? झालं काय?" त्यावर आत्या शांतपणे म्हणायची, "ते सोडा हो. मुद्दा काय, की फार वाईट झालं." तिचं नाव मीसुद्धा इथे देणार नाही. दिलं, तर या वयातही सांडोरहून रिक्षा करून आमच्या आचोळ्याच्या घरी येईल आणि माझे कान उपटेल.

हे खूळ तिला नोकरीतून लागलं. ती सातिवलीच्या एका गाळ्यात कामाला होती. विमा कंपन्या, फोनवाले, मोठे दवाखाने अशांची गिऱ्हाइकांना जाणारी पत्रं तिथे कंत्राटावर छापली जायची, घडी घालून पाकिटात भरली जायची आणि टपालात पडायची. पत्र मिळणाऱ्याला वाटायचं, मुंबईच्या काचेच्या इमारतीतून आलंय. खरं तर ते एका बाजूला बादल्यांचा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला भंगारवाला अशा जागी जन्माला आलेलं असायचं. आतला पत्ता दिसावा म्हणून पाकिटाला पारदर्शक कागदाची खिडकी असते ना, त्या खिडकीवर आत्याची नेमणूक. घडी जरा सरकली की पत्त्याखालून आजाराचं नाव नाहीतर पॉलिसीचा आकडा डोकावायचा, म्हणजे पोस्टमनपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना फुकट वाचन. असं पाकीट बाजूला काढायचं, आतला कागद यंत्रात घालून त्याच्या शेवया करायच्या आणि पत्र नव्याने छापून घ्यायचं, हे तिचं काम. "खिडकीतून पत्ता दिसला पाहिजे, त्यापलीकडे एक अक्षर नाही," हे तिने इतक्या वेळा ऐकवलं होतं की तिथल्या मुली तिला खिडकीबाईच म्हणायच्या. एकदा एकीने विचारलं, "बाय, दिवसभर बगून बगून तुमाला सगल्यांचं सगलं पाठ झालं असंल नाय?" आत्या म्हणाली, "मला दिसतं गं. मी बघत नाही." दिसणं वेगळं आणि बघणं वेगळं, यावर तिची अख्खी नोकरी उभी होती.

आता गाळ्यातली शिस्त गाळ्यात ठेवावी की नाही? पण नाही. घरी आलेल्या खोक्यांवरचे पत्ते ती पाण्यात भिजवून नखाने खरवडायची. लग्नपत्रिका रद्दीत टाकण्याआधी त्यातल्या वधूवरांना कात्रीने वेगळं करायची. एकदा स्टेशनबाहेर आम्ही वडापाव घेतला, तर गाडीवाल्याने बांधून दिलेला कागद कुणाच्या तरी पगाराचा निघाला. आत्याने वडा माझ्या हातात कोंबला, कागदाचे बारीक बारीक तुकडे केले आणि त्या माणसाला असं फैलावर घेतलं की बिचारा तव्यावरची मिरची उलटायची विसरला. "अरे, कुणाच्या घरचा पगार तू तेलात बुडवतोस, लाज नाही वाटत?" साडीच्या दुकानातल्या मुलीने बिलासाठी मोबाईल नंबर मागितला, तर ही म्हणाली, "साडी मला नेसायचीय, मोबाईलला नाही." आणि आमच्या डॉक्टरांकडचा कंपाउंडर! तो पेशंटला आजाराच्या नावाने हाका मारायचा. "चला, मूळव्याध कोण आहे, आत या!" असं तो ओरडला आणि बाकावरचे एक सद्गृहस्थ चोरासारखे उठले, तेव्हा आत्याने तिथल्या तिथे त्याची अशी काही खरडपट्टी काढली की डॉक्टर स्टेथोस्कोप गळ्यात घेऊन बाहेर धावत आले. दुसऱ्या आठवड्यापासून त्या दवाखान्यात पत्र्याचे बिल्ले सुरू झाले. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, आपले केळीच्या वाडीत पाणी सोडता सोडता हसायचे. "माझ्याशी लग्न झालंय हे तरी तुझ्या आत्याने गाळ्यात सांगितलंय का, विचार," असं मला म्हणायचे.

या सगळ्याचं आम्हाला हसू यायचं, पण माझं लग्न ठरायची वेळ आली आणि हसणं संपलं. स्थळ विरारचं होतं. मुलगा मला आवडला होता, घरदार चांगलं होतं, आणि तेवढ्यात कुणीतरी बाबांच्या कानावर घातलं की मुलाला काहीतरी दुखणं आहे म्हणे. आपल्याकडे स्थळाची चौकशी म्हणजे काय प्रकरण असतं, ते तुम्हाला सांगायला नको. मुलाच्या शेजाऱ्यापासून वाण्यापर्यंत सगळ्यांना विचारून झालं. मग बाबांना आठवलं की मुलाचा विमा ज्या कंपनीचा आहे, तिची पत्रं ताईच्याच हाताखालून जातात. बाबा उड्या मारतच सांडोरला गेले. मीही बरोबर होते. "ताई, तुला कोण अडवणार आहे? नुसतं बघ. कुणाला कळणार आहे?"

आत्या सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "दिसलं तर दिसलं. बघणार नाही."

"अगं, आपल्या पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

"तीही पत्रं कुणाकुणाच्या पोरांचीच असतात." मग सूप खाली ठेवून ती माझ्याकडे वळली. "तुला जाणून घ्यायचंय ना? मग त्यालाच विचार. देवाने त्याला तोंड दिलंय. तुलाही दिलंय."

बाबा ताडकन उठले. "परक्यांची पत्रं सख्ख्या भावापेक्षा मोठी झाली तुला," असं म्हणून चहा न घेता निघाले. मला आत्याचा भयंकर राग आला होता, पण तिचं वाक्य डोक्यातून जाईना. पुढच्या रविवारी वसईच्या किल्ल्यात मी त्याला सरळ विचारलं. तोही सरळ बोलला. लहानपणी फिट्स यायच्या, आता कित्येक वर्षांत आलेली नाही, रोज एक गोळी घेतो, आणि हे मला स्वतःहून सांगायचं होतं पण धीर होत नव्हता. तो मला तेव्हा जेवढा आवडला तेवढा आधी आवडला नव्हता. डॉक्टरांशी बोलून झालं आणि आमचं लग्न झालं. मांडवात बाबा आत्याशी पाहुण्यासारखे बोलले, "या, बसा, जेवून जा." सख्ख्या बहिणीला 'या, बसा'! त्यानंतरच्या भाऊबीजेला ते सांडोरला गेले नाहीत, आणि त्याच्या पुढच्याही नाही. आत्या दोन्ही वर्षी ओवाळणीचं ताट तयार ठेवून दारात बसून होती, हे आम्हाला काकांकडून कळलं.

तिसऱ्या वर्षी मी दिवाळीला माहेरी आले होते. काय झालं देव जाणे, बाबा सकाळीच कपडे करून म्हणाले, "चला, ताईकडे जाऊन येऊ." आई आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो. आत्याने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. तोंडाने मात्र एवढंच म्हणाली, "उशीर केलास." ओवाळणं झालं, पानं वाढली. जेवण नेहमीसारखं साग्रसंगीत, पण पहिलाच घास घेतला आणि आई माझ्याकडे बघायला लागली. कशालाच मीठ नव्हतं. भाजी अळणी, आमटी अळणी, भातसुद्धा अळणी! आमच्या ताटांत वरच्या कोपऱ्यात मिठाचे हे एवढाले ढीग होते. बाबांच्या ताटात ती जागा रिकामी होती. पापडाची थाळी फिरली, तर ती बाबांना ओलांडून काकांपुढे गेली.

"ताई, मीठ वाढायचं विसरलीस."

"विसरले वाटतं. वय झालं आता," आत्या म्हणाली आणि तिथेच बसून राहिली. मिठाची वाटी तिच्या हाताशी होती.

बाबांनी एकदा त्या वाटीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग त्यांनी मान खाली घातली आणि ते अळणी जेवण भाताच्या शेवटच्या शितापर्यंत संपवलं. निघताना ते वाकून तिच्या पाया पडले. परतताना रिक्षात त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं. मध्ये ऑफिसच्या कामाला पुण्याला गेलो म्हणाले होते, ते पुणे वगैरे काही नव्हतं. छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात होते. आम्ही घाबरू म्हणून विम्याचे कागदसुद्धा ऑफिसच्या पत्त्यावर मागवले होते. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं आणि हे गृहस्थ घरी गुपचूप लोणचं हाणत होते. "ते कागद ताईच्याच गाळ्यातून गेले. तिला दिसलं असणार," बाबा म्हणाले. "दिसलं आणि बोलली नाही. माझ्याशीसुद्धा नाही." त्यानंतर बाबांनी एकही भाऊबीज चुकवली नाही.

आता तो गाळा बंद झालाय. पत्रं पाठवतं कोण? सगळं फोनवर येतं. तिथे फरशांचं गोदाम झालंय आणि खिडकीबाई सांडोरला वाडीतली केळी उन्हात सुकवून त्यांची सुकेळी करत बसलेली असते. मला दिवसाकाठी कुणाकुणाचे फोन येतात. त्यांना माझं नाव ठाऊक, माझा हप्ता ठाऊक, माझ्या मुलाचं वय ठाऊक. कोण कुठून बघतं कळत नाही. प्रत्येक वेळी फोन कापताना मला आत्याची आठवण येते, आणि जीव कळवळतो.

बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला त्यांच्याऐवजी मी गेले. जेवायला बसल्यावर राहवलं नाही. विचारलं, "आत्या, त्या वर्षी ताटात मीठ खरंच विसरली होतीस का गं?"

"कुणाच्या ताटात?"

"बाबांच्या."

तिचे डोळे भरून आले. तरी मान हलवून म्हणाली, "मी कुणाचं काही सांगत नाही. ठाऊक आहे ना तुला?"

मला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. तिने पदराने डोळे टिपले, वाटी पुढे ओढली आणि माझ्या ताटात मीठ वाढलं.